पुढच्या पायावर विश्वास
गोल्फच्या फटक्यातून उतारवयातील तोलाविषयी शिकण्यासारखे बरेच काही

शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर नेणे ही क्रिया आपण दिवसातून हजारो वेळा करतो आणि तिच्याकडे एकदाही लक्ष देत नाही. विरार लोकलच्या दारातून फलाटावर उतरताना, रिक्षातून एक पाय बाहेर टाकताना, देवघरासमोरून उठताना किंवा ओट्यापाशी वळून मागच्या फळीवरचा डबा काढताना भार सरकतो, म्हणूनच आपण पुढे जातो. हे सरकणे अर्धवट राहिले की तोल जातो. तरुण वयात स्नायू ही चूक निमूटपणे सावरून घेतात. साठीनंतर त्यांची चपळाई कमी होते आणि पूर्वी जिथे नुसती ठेच लागली असती, तिथे आता माणूस पडतो.

भाराच्या या स्थलांतराचा फार बारकाईने विचार झालेला एक खेळ म्हणजे गोल्फ. तो काही वसई-विरारच्या मातीतला खेळ नव्हे. इथल्या मैदानांवर क्रिकेटचे राज्य आहे. गोल्फसाठी इथल्या हौशी माणसाला चेंबूरच्या, १९२७ साली स्थापन झालेल्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबकडे किंवा सिडकोने खारघरला उभारलेल्या मैदानाकडे पाहावे लागते. तरीही हा खेळ आता आपल्या घरांत अगदीच अनोळखी राहिलेला नाही. २०२१ साली टोकियोत झालेल्या ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक हिचा चौथा क्रमांक आला, तेव्हा एरवी गोल्फ न पाहणाऱ्यांनीही दूरचित्रवाणी लावली होती. त्याच स्पर्धेत पुण्याचे उदयन माने भारताकडून खेळले. निवृत्तीनंतर मुलाकडे किंवा मुलीकडे परदेशी राहायला गेलेले कित्येक मराठी आजी-आजोबा तिथे प्रथमच गोल्फची काठी हाती धरतात, कारण धाप न लागता उतारवयातही खेळता येणारा हा खेळ आहे.

आपण हा खेळ खेळत असाल, तर पुढील मजकूर आपल्या फटक्यासाठी उपयोगी पडेल. खेळत नसाल, तरीही तो वाचावा. गोल्फ शिकणाऱ्याच्या हातून भार सरकवताना ज्या चुका होतात, त्याच चुका आपल्या घरात खुर्चीतून उठताना आणि जिना उतरताना होत असतात.

फटक्यात भार कसा फिरतो

उजव्या हाताने खेळणारा माणूस चेंडूसमोर उभा राहतो तेव्हा त्याचा डावा खांदा लक्ष्याच्या दिशेला असतो. म्हणून डावा पाय हा पुढचा आणि उजवा पाय हा मागचा. डावखुऱ्यांनी पुढचे सारे उलट समजावे.

आरंभी भार दोन्ही पायांवर जवळजवळ सारखा असतो. काठी मागे उचलली जाते तेव्हा कंबर आणि छाती उजवीकडे वळतात आणि साधारण तीन चतुर्थांश भार उजव्या पायाच्या आतल्या बाजूवर येतो. मग उलट प्रवास सुरू होतो. चेंडूला काठी लागते त्या क्षणी बहुतेक भार डाव्या पायावर पोहोचलेला असतो. फटका पूर्ण होतो तेव्हा जवळजवळ सगळे शरीर डाव्या पायावर उभे असते आणि उजव्या पायाचा केवळ अंगठा जमिनीला टेकलेला असतो. निष्णात खेळाडूंच्या बाबतीत एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. काठी मागे शेवटच्या टोकाला पोहोचण्याआधीच त्यांच्या पायाखालचा दाब पुढच्या पायाकडे वळू लागलेला असतो. म्हणजे पाय आधी निघतात, हात मागून येतात.

नवशिक्याचा समज याच्या उलट असतो. त्याला वाटते की जोर हातात आहे. हातांनी जोर लावला की पाय जागच्या जागी खिळतात, भार मागेच राहतो आणि चेंडू लांब जाण्याऐवजी जमिनीवरून घरंगळतो.

तीन नेहमीच्या चुका आणि त्यांवरचे उपाय

पहिली चूक उलट्या भाराची. काठी मागे नेताना भार उजव्या पायावर जायला हवा, पण तो डाव्या पायावरच राहतो आणि कमरेवरचे शरीर लक्ष्याकडे कलते. साहजिकच फटका मारताना शरीर तोल सावरण्यासाठी मागे ढळते. या चुकीत पाठीचा कणा एका बाजूला वाकून पिळला जातो, म्हणून खेळानंतर कंबर दुखण्याशी तिचा जवळचा संबंध आहे. तिचे एक कारण म्हणजे ‘डोके अजिबात हलवू नका’ हा अर्धवट समजलेला सल्ला. डोके खिळ्यासारखे ठोकून धरले तर धड वळूच शकत नाही. ते किंचित उजवीकडे गेले तरी चालते. दुसरे कारण म्हणजे वयानुसार आखडलेले खुबे आणि पाठ.

उपाय सोपा आहे. काठी बाजूला ठेवा. दोन्ही हात छातीवर दुमडा आणि छाती उजव्या पायाच्या वर येईपर्यंत सावकाश वळा. उजव्या मांडीत हलका ताण जाणवला पाहिजे. खुबे आखडलेले असतील तर वळताना डाव्या पायाची टाच थोडी उचलू द्या आणि उभे राहतानाच दोन्ही पायांचे चवडे किंचित बाहेर वळवून ठेवा. वयस्कर खेळाडूसाठी ही सवलत म्हणजे कमरेचे संरक्षण आहे, तिच्यात कमीपणा काही नाही.

दुसरी चूक बाजूला सरकण्याची. येथे भार उजवीकडे जातो खरा, पण कंबर वळण्याऐवजी आडवी सरकते आणि शरीर उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेवर रेलते. तिथून परत येण्यास वेळही राहत नाही आणि बळही. उपाय म्हणून उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेखाली दुमडलेला पंचा ठेवावा. तळव्याची बाहेरची बाजू थोडी उंच राहिली की भार आपोआप आतल्या बाजूवर राहतो. दुसरा मार्ग म्हणजे उजव्या खुब्यापासून चार बोटे अंतरावर जड खुर्चीची पाठ ठेवून सराव करणे. वळताना खुर्ची ढकलली गेली, तर आपण वळलो नाही, सरकलो.

तिसरी आणि सर्वांत अधिक दिसणारी चूक मागे रेंगाळण्याची. फटका संपतो तरी भार मागच्या पायावरच असतो. चेंडू उचलून उडवावा लागतो असे वाटत असल्याने माणूस मागे झुकतो. वास्तविक चेंडू वर उचलण्याचे काम काठीच्या तिरक्या पात्याचे असते. यावर पावलाचा सराव गुणकारी ठरतो. दोन्ही पाय जुळवून उभे राहा. काठी मागे न्या. ती खाली आणण्याआधी डाव्या पायाने लक्ष्याकडे एक लहान पाऊल टाका आणि मगच फटका मारा. पाऊल टाकले की भार पुढे जाण्यावाचून गत्यंतर उरत नाही. १९३५ साली जन्मलेले दक्षिण आफ्रिकेचे विख्यात खेळाडू गॅरी प्लेयर फटक्यानंतर उजवा पाय पुढे टाकून चालू लागत. पुष्कळांना ती त्यांची लकब वाटे, पण भार पूर्णपणे पुढे गेल्याशिवाय तसे चालता येत नाही.

भार पुढे गेला की नाही, याची परीक्षा अशी घ्यावी. फटका पूर्ण झाल्यावर तीन अंक मोजेपर्यंत तसेच स्थिर राहा आणि उजव्या पायाचा अंगठा जमिनीवरून उचलून पाहा. तो सहज उचलला गेला तर फटका जमला. मागे पाऊल टाकावे लागले तर भार मागेच राहिला होता.

याच चुका घरात

आता काठी बाजूला ठेवून आपल्या दिनक्रमाकडे पाहू.

सखल सोफ्यावरून उठताना आपण काय करतो? पुष्कळ वयस्कर माणसे पाठ ताठ ठेवून हातांनी जोर लावतात. भार टाचांवर राहतो, शरीर अर्धे उठते आणि धप्पदिशी मागे बसते. हेच ते मागे रेंगाळणे. उठण्यासाठी आधी पाय गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यावेत, मग नाक पायांच्या बोटांपुढे येईल इतके पुढे वाकावे आणि भार चवड्यांवर आल्यावरच वर उठावे.

स्वयंपाकघरात पाय जागेवर ठेवून केवळ कंबर पिळून मागे वळणे हे आडव्या सरकण्याचे भावंड होय. भार पायाच्या बाहेरच्या कडेवर जातो आणि ओल्या फरशीवर तोच पाय निसटतो. वळायचे असेल तेव्हा लहान लहान पावले टाकत सगळे शरीर वळवावे. नाक, छाती आणि पायाची बोटे एकाच दिशेला असावीत.

उलटा भार पाहायचा असेल तर अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर जावे. अर्नाळा किल्ल्याच्या बेटावर जाण्यासाठी होडीवाचून मार्ग नाही. होडी हलत असते. अनोळखी माणूस एक पाय होडीत ठेवतो, पण घाबरून शरीर मागे खेचतो. मग एक पाय होडीत, भार वाळूवर आणि दोहोंच्या मध्ये अंतर वाढत जाते. बेटावरची माणसे पाय ठेवतात त्याच क्षणी भारही त्या पायावर टाकतात. रिक्षातून उतरताना, एसटीच्या उंच पायरीवरून खाली येताना किंवा पावसाळ्यात तुंबलेले गटार ओलांडताना हीच गोष्ट लागू होते. पाय आधी पक्का टेकवा. तो टेकला याची खात्री झाली की भार पूर्णपणे त्यावर जाऊ द्या. अर्धा भार इकडे आणि अर्धा तिकडे, ही सर्वांत धोक्याची अवस्था असते.

विरारच्या जीवदानी देवीच्या डोंगराच्या पायऱ्या चढणाऱ्या भाविकांना एक जुना नियम ठाऊक असतो. चढताना बळकट पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. भार उचलण्याचे काम प्रत्येक वेळी बळकट पायाकडे राहावे, एवढाच त्यामागचा अर्थ आहे. घराच्या जिन्यालाही तो तंतोतंत लागू पडतो.

भीती भार मागे खेचते

तोल सांभाळण्यासाठी शरीर तीन ठिकाणांहून माहिती घेते: डोळे, आतल्या कानातील तोलाची इंद्रिये आणि तळपाय व सांध्यांमधील संवेदना. वयानुसार तिन्ही थोड्या थोड्या मंदावतात. मधुमेहात तळपायांची जाणीव कमी होते, मोतीबिंदूने पायरीची कड धूसर होते. यांत चौथी गोष्ट मिसळते ती भीतीची. एकदा पडलेला माणूस पुन्हा पडू नये म्हणून मागे झुकून, पाय फाकवून, फरफटत चालू लागतो. त्याला हे सुरक्षित वाटते. प्रत्यक्षात भार टाचांवर गेल्याने मागच्या मागे पडण्याचा धोका वाढतो आणि खुब्याच्या स्नायूंचा सराव तुटल्याने ते आणखी दुबळे होतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात दर वर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे दगावतात आणि त्यांत साठीपुढील माणसांचे प्रमाण सर्वाधिक असते. या आकड्याला दुसरी, आशेची बाजूही आहे. घरात राहणाऱ्या वयस्करांवरील १०८ चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१९ साली कॉक्रेन संस्थेने प्रसिद्ध केला. व्यायाम करणाऱ्यांमध्ये पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी कमी असल्याचे त्यात दिसले आणि तोलाचे व दैनंदिन हालचालींचे व्यायाम विशेष उपयोगी ठरले. हाँगकाँगमधील २०१० सालच्या एका लहानशा अभ्यासात गोल्फ खेळणारे वयस्कर एका पायावर अधिक स्थिर उभे राहू शकत, असे आढळले. मुळातच धडधाकट माणसे गोल्फ खेळत असण्याची शक्यता आहेच, म्हणून यातून फार मोठा निष्कर्ष काढू नये. भार एका पायावरून दुसऱ्या पायावर पूर्णपणे नेण्याचा सराव लाभतो, एवढे मात्र निश्चित.

पंधरा दिवसांचा सराव

पुढचा अंक हाती येईपर्यंत खालील पाच गोष्टी करून पाहाव्यात. पासष्टीपुढील व्यक्तींनी तोल आणि ताकद यांचे व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस करावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. स्वयंपाकाचा ओटा ही त्यासाठी उत्तम जागा आहे, कारण तो हलत नाही. पायांत घट्ट बसणारी, न घसरणारी चप्पल असावी किंवा कोरड्या फरशीवर अनवाणी उभे राहावे. मोजे घालून सराव करू नये.

१. दोन्ही पाय खांद्याइतक्या अंतरावर ठेवून ओट्याला हात लावा. भार सावकाश उजव्या पायावर न्या, तीन अंक मोजा, मग डाव्या पायावर न्या. प्रत्येक बाजूला दहा वेळा. ज्या पायावर भार नाही, त्याची टाच हलकी झाल्याचे जाणवले पाहिजे.

२. एक पाऊल पुढे टाका आणि सगळा भार त्यावर जाऊ द्या, इतका की मागच्या पायाची टाच उचलली जाईल. मग मागे या. दोन्ही पायांनी आठ-आठ वेळा.

३. एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या बोटांना टेकवून, एका ओळीत उभे राहा. हात ओट्याच्या अगदी जवळ असू द्या. १० सेकंद उभे राहता आले पाहिजे. त्याआधीच तोल जात असेल, तर पडण्याचा धोका वाढला आहे असे समजून डॉक्टरांना सांगा.

४. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून नाक पुढे आणून उठा आणि सावकाश बसा. पाच वेळांपासून आरंभ करून दहापर्यंत जा. हातांचा आधार हळूहळू कमी करा.

५. मिटलेली छत्री दोन्ही हातांत कमरेच्या उंचीवर आडवी धरा. उजवीकडे वळा, भार उजव्या पायावर येऊ द्या. मग डावीकडे वळा आणि शेवटी सगळा भार डाव्या पायावर, उजव्या पायाची टाच वर. हाच गोल्फचा फटका, फक्त संथ आणि चेंडूविना. हा सराव पहिले चार सहज जमू लागल्यावरच करावा, आणि तोही ओट्याकडे पाठ करून, म्हणजे मागे आधार राहील.

मोकळ्या हवेची आवड असणाऱ्यांनी ओहोटीच्या वेळी सुरुचीच्या किंवा राजोडीच्या किनाऱ्यावर ओल्या, घट्ट वाळूवरून चालावे आणि मागे वळून आपलीच पावले पाहावीत. टाचेचा ठसा खोल आणि बोटांचा पुसट असेल, तर भार मागे राहत आहे. एका पायाचा ठसा पुसट असेल, तर त्या पायावर आपण विसंबत नाही. मात्र सार्वजनिक किनाऱ्यावर खऱ्या गोल्फच्या चेंडूने सराव करू नये. तो जेमतेम ४६ ग्रॅमचा असला तरी कठीण आणि अतिशय वेगवान असतो. नातवंडांबरोबर खेळायचे तर छिद्रे असलेला हलका प्लॅस्टिकचा चेंडू घ्यावा.

हाडे ठिसूळ झालेल्यांनी वाकून जोराने पिळण्याच्या हालचाली टाळाव्यात. गुडघा किंवा खुबा बदललेल्यांनी आधी शल्यचिकित्सकांना विचारावे. पक्षाघात किंवा कंपवात झालेल्यांनी हा सराव एकट्याने करू नये. भौतिकोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करावा.

सोबत करणाऱ्यांसाठी

घरातील वृद्धांची काळजी घेणाऱ्यांच्या हातून मायेपोटी एक गोष्ट घडते. उठवताना आपण समोर उभे राहून त्यांचे दोन्ही हात ओढतो. ओढले जाणारे शरीर स्वभावतःच मागे खेचते, म्हणजे आपणच भार टाचांवर ढकलतो. शिवाय त्यांच्या खांद्याला इजा होते ती वेगळीच. त्याऐवजी त्यांच्या दुबळ्या बाजूला, अर्धे पाऊल मागे उभे राहावे. एक हात कमरेमागे ठेवावा आणि सांगावे, ‘आई, आधी पुढे वाका. नाक पुढे आणा. हं, आता उठा.’ उठणे त्यांचे, आधार आपला.

चालताना ‘पडाल हं!’ असे पदोपदी बजावू नये. त्याने लक्ष पडण्याकडे जाते आणि शरीर आखडते. ‘उजवा पाय पक्का टेकला? आता डावा,’ असे काय करायचे ते सांगावे. चालत असताना इतर गप्पा थांबवाव्यात. स्नानगृहात धरण्यासाठी भिंतीत पक्की बसवलेली दांडी असावी. टॉवेलची दांडी माणसाचा भार पेलण्यासाठी नसते. रात्री शौचालयाच्या वाटेवर मंद दिवा ठेवावा. पावसाळ्यात वाडीतल्या घरांची अंगणे आणि विहिरीचे काठ शेवाळतात, ते खरवडून काढावेत. तळ झिजलेली रबरी चप्पल ‘अजून चालते’ म्हणून ठेवू नये.

काही लक्षणांत सरावावर विसंबून राहता येत नाही. वर्षभरात दोनदा पडणे, उठताच डोळ्यांपुढे अंधारी येणे, नवे औषध सुरू झाल्यावर झोक जाणे, पाय बधिर वाटणे, यांपैकी काहीही असल्यास रक्तदाब, साखर, दृष्टी आणि चालू औषधे तपासून घ्यावीत. एका बाजूचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, बोलणे अडखळले किंवा चेहरा वाकडा झाला, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

आणि पडल्याचे लपवू नये. ‘मुलांना कशाला काळजी’ म्हणून कित्येक आजी-आजोबा मुका मार मुकाट्याने सोसतात. कुठे, कधी आणि कोणता पाय टाकताना पडलो, हे सांगितले तरच दुसऱ्यांदा पडणे टाळता येते. घरच्यांनीही ते ऐकताना रागावू नये, नाहीतर पुढच्या वेळी सांगितलेच जाणार नाही.

सरावाला आज संध्याकाळपासून आरंभ करावा. पहिल्या दिवशी फक्त पहिला व्यायाम, ओट्याला हात लावून, घरातले कोणीतरी जवळ असताना.